‘पवित्र’ आणि ‘शुद्ध’ : ख्रिस्ती जीवनातील दैनंदिन पावित्र्याचा अर्थविचार

१

ख्रिस्ती धर्मविषयक मराठी वाङ्मय वाचताना ‘पवित्र’ हा शब्द पदोपदी भेटतो. पवित्र आत्मा, पवित्र शास्त्र, पवित्र जन, पवित्र जीवन, पवित्रीकरण असा त्याचा परिवारही मोठा आहे. शब्द ओळखीचा असल्यामुळे अर्थही ओळखीचाच आहे, असे वाचक सहज गृहीत धरतो. आणि घोटाळ्यास आरंभ होतो तो येथेच. मराठी भाषकाच्या मनात ‘पवित्र’ या शब्दाभोवती स्नान, तीर्थ, देवघर, सोवळे आणि विटाळाचा अभाव या कल्पना पिढ्यान् पिढ्या गोळा झालेल्या आहेत. ज्या हिब्रू व ग्रीक संज्ञांसाठी हा शब्द योजला गेला, त्यांचा गाभा मात्र काहीसा निराळा आहे.

हा प्रश्न केवळ कोशकाराच्या सोयीचा नाही. ख्रिस्ती माणसाने रोज पवित्र जीवन जगावे, असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा त्याने नेमके काय करावे, हे त्या शब्दाच्या अर्थावर अवलंबून राहते. कशापासून तरी दूर राहणे म्हणजे पावित्र्य, असा अर्थ घेतला तर एक प्रकारचे जीवन घडते. कोणाच्या तरी मालकीचे होऊन त्याच्या कामी येणे म्हणजे पावित्र्य, असा अर्थ घेतला तर दुसऱ्या प्रकारचे. महाराष्ट्रात, जेथे शुद्धाशुद्धतेच्या कल्पनांनी माणसामाणसांतील अंतरे ठरविली, तेथे या भेदाला विशेषच महत्त्व आहे. प्रस्तुत लेखात मूळ संज्ञांची घडण, ख्रिस्ती साधनेत त्यांना आलेले रूप आणि मराठीत आल्यावर त्यांच्या अर्थात झालेला पालट, या तीन गोष्टींचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

२

हिब्रू शास्त्रात शुद्धी आणि पावित्र्य यांच्यासाठी दोन स्वतंत्र शब्दयुग्मे आहेत. पहिले युग्म ‘कादोश’ आणि ‘होल’ यांचे. ‘कादोश’ म्हणजे देवाचे, देवासाठी वेगळे काढलेले. ‘होल’ म्हणजे सामान्य, रोजच्या वापरातले. दुसरे युग्म ‘ताहोर’ आणि ‘तामे’ यांचे. ‘ताहोर’ म्हणजे शुद्ध आणि ‘तामे’ म्हणजे अशुद्ध, विटाळलेले. लेवीय या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात याजकांचे कर्तव्य सांगताना ही दोन्ही युग्मे एकापुढे एक ठेवली आहेत. याजकाने दोन निवाडे करावयाचे आहेत : कोणती वस्तू पवित्र व कोणती सामान्य, हा एक, आणि कोणती शुद्ध व कोणती अशुद्ध, हा दुसरा.

दोन अक्ष वेगळे असल्यामुळे त्यांच्या जोड्या निरनिराळ्या प्रकारे जुळतात. घरातील स्वयंपाकाचे भांडे सामान्य आहे, पण ते शुद्ध असू शकते. किंबहुना बहुतेक जग सामान्य आणि शुद्ध याच कोष्टकात बसते. पवित्र वस्तू शुद्ध असावयास हवी. परंतु शुद्ध असल्याने कोणतीही वस्तू आपोआप पवित्र होत नाही. ती पवित्र होते ती कोणीतरी तिला देवाकडे दिल्याने, अथवा देवाने तिला आपली म्हटल्याने. म्हणजे शुद्धता ही वस्तूची अवस्था आहे, तर पवित्रता हा मुळात एक संबंध आहे.

दुसरी लक्षणीय गोष्ट अशी की, अशुद्ध होणे म्हणजे पाप करणे नव्हे. प्रेताला स्पर्श केल्याने माणूस सात दिवस अशुद्ध होतो. तथापि मृताला मूठमाती देणे हे कर्तव्यच आहे. प्रसूतीने स्त्री अशुद्ध मानली जाते. पण अपत्यजन्म हा आशीर्वाद गणला आहे. या व्यवस्थेचे मर्म उलगडण्याचा प्रयत्न गेल्या शतकात मोठ्या प्रमाणावर झाला. मेरी डग्लस या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, अशुद्ध म्हणजे आपल्या जागी नसलेली वस्तू, अशा दिशेने विवेचन केले. जेकब मिलग्रॉम यांनी लेवीय ग्रंथावरील आपल्या विस्तृत भाष्यात अशुद्धीचा धागा मृत्यूशी जोडून दाखविला. दोघांच्या उपपत्ती भिन्न असल्या, तरी अशुद्धी ही नैतिक दोषाहून वेगळी कोटी आहे, हे दोघांच्याही विवेचनातून स्पष्ट होते.

मग पवित्र माणसाने दररोज करावयाचे काय? याचे उत्तर त्याच ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. देव पवित्र आहे म्हणून लोकांनीही पवित्र व्हावे, असे आरंभी सांगून पुढे जी यादी दिली आहे, ती पाहण्यासारखी आहे. शेताच्या कडेचे पीक पूर्ण कापू नये, ते गरिबासाठी व परक्यासाठी ठेवावे. मजुराची मजुरी रात्रभर आपल्यापाशी अडकवून ठेवू नये. आंधळ्याच्या वाटेत अडथळा टाकू नये. वजने आणि मापे खरी असावीत. वृद्धासमोर उठून उभे राहावे. यादीत विधींचे नियमही आहेत. परंतु पावित्र्याचा एवढा मोठा भाग शेत, बाजार आणि मजुरी यांत मांडलेला आहे, ही गोष्ट ‘पवित्र’ हा शब्द केवळ देवालयाशी जोडणाऱ्या वाचकाला नवी वाटेल. त्याचप्रमाणे, शास्त्रात सर्वप्रथम पवित्र केली गेली ती कोणतीही जागा अथवा वस्तू नसून एक दिवस आहे, सातवा दिवस. अब्राहम हेशेल यांनी १९५१ साली शब्बाथावर लिहिलेल्या ग्रंथात या गोष्टीवर भर दिला आहे. पावित्र्याला काळात स्थान मिळाले की ते दिनक्रमात शिरते.

३

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून हिब्रू शास्त्राचे ग्रीक भाषांतर होऊ लागले, तेव्हा भाषांतरकारांपुढे शब्दनिवडीचा पेच उभा राहिला. ग्रीक भाषेत देवालयाशी व विधीशी संबद्ध असा प्रचलित शब्द ‘हिएरोस’ हा होता. भाषांतरकारांनी ‘कादोश’साठी सामान्यतः तो टाळला आणि त्या मानाने कमी रूढ असलेला ‘हागिओस’ हा शब्द घेतला. रूढ शब्दाबरोबर परक्या दैवतांच्या उपासनेचे सर्व सहचारी अर्थ आले असते. कमी वापरातल्या शब्दात नवा अर्थ भरणे सोपे होते. नव्या कराराने हीच परंपरा पुढे चालविली. शुद्धीसाठी ‘काथारोस’ हा वेगळा शब्द होताच. त्यामुळे हिब्रूतील दोन अक्ष ग्रीकमध्येही दोन राहिले.

तरीही व्यवहारात हे अक्ष एकमेकांत मिसळू लागले होते. याचा पुरावा ‘कोइनोस’ या शब्दात मिळतो. या शब्दाचा मूळ अर्थ ‘सामाईक, सामान्य’ असा आहे. परंतु मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात न धुतलेल्या हातांसाठी हाच शब्द आला आहे, आणि त्यापासून झालेले क्रियापद ‘विटाळणे’ या अर्थी योजले आहे. सामान्य ते विटाळलेले, असा अर्थसंकोच झाला की सामान्य माणूसही विटाळलेला ठरावयास वेळ लागत नाही. त्या अध्यायातील वाद याच जागी घडतो. बाहेरून आत जाणाऱ्या अन्नाने माणूस विटाळत नाही. त्याच्या अंतःकरणातून बाहेर पडणाऱ्या दुष्ट विचारांनी, चोरीने, लोभाने, निंदेने तो विटाळतो, अशी येशूची भूमिका तेथे मांडली आहे. येथे विटाळाची कल्पना नाहीशी केलेली नाही. तिची दिशा फिरविली आहे.

प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात हीच दिशा माणसांपर्यंत पोचते. यापो येथे पेत्राला दृष्टांत होतो आणि त्यात त्याच्यापुढे सर्व प्रकारचे प्राणी ठेवले जातात. सामान्य किंवा अशुद्ध असे आपण कधी खाल्ले नाही, असे तो म्हणतो. देवाने जे शुद्ध केले त्याला त्याने सामान्य म्हणू नये, असे त्याला उत्तर मिळते. त्याच अध्यायात पुढे कर्नेल्य या परराष्ट्रीय शताधिपतीच्या घरात पाऊल टाकताना पेत्र स्वतःच या दृष्टांताचा अर्थ लावतो : कोणत्याही माणसाला अशुद्ध म्हणू नये. अन्नाविषयी सुरू झालेले प्रकरण उंबरठ्यापाशी येऊन संपते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

४

शुद्धी एकदाच होते की रोज करावी लागते? ख्रिस्ती धर्मचिंतनातील या जुन्या प्रश्नाचे उत्तर योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात दोन क्रियापदांच्या भेदात सापडते. येशू शिष्यांचे पाय धुऊ लागतो. पेत्र आधी नकार देतो. नंतर, पायच कशाला, हात आणि डोकेही धुवावे, असे म्हणतो. उत्तरात दोन वेगळी ग्रीक क्रियापदे येतात. ‘लूओ’ म्हणजे सर्वांगाला स्नान घालणे. ‘निप्तो’ म्हणजे हात, पाय असा एखादा अवयव धुणे. ज्याचे स्नान झाले आहे त्याला पुन्हा स्नानाची गरज नाही, पाय मात्र धुवावे लागतात, असा त्याचा आशय. मराठीलाही हा भेद चांगला ठाऊक आहे. आंघोळ करून बाहेर पडलेला माणूस परतल्यावर पाय धुऊनच घरात येतो. पुन्हा आंघोळ करीत नाही. वाटेची धूळ पायांना लागते, सर्वांगाला नव्हे. पायांचा उल्लेख काही प्राचीन हस्तलिखितांत, विशेषतः चौथ्या शतकातील सिनाई हस्तलिखितात, आढळत नाही, हे येथे नमूद करावयास हवे. परंतु दोन क्रियापदांतील भेद त्या पाठातही कायम राहतो.

क्रियापदांच्या काळांकडे पाहिल्यास हा विचार अधिक स्पष्ट होतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात ‘धुतले गेलात’, ‘पवित्र केले गेलात’ या क्रिया ग्रीकमधील ‘आओरिस्ट’ या रूपात, म्हणजे पूर्ण घडून गेलेल्या घटना म्हणून, आल्या आहेत. उलट योहानाच्या पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात, प्रकाशात चालणाऱ्याच्या संदर्भात, शुद्ध करण्याची क्रिया वर्तमानकाळात आहे : ती चालू आहे, चालत राहते. आणि इब्रीकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायात एकाच वाक्यात दोन्ही रूपे एकत्र येतात. तेथे मुख्य क्रियापद पूर्ण वर्तमानकाळी आहे, ‘परिपूर्ण केले आहे’. पण ज्यांना परिपूर्ण केले आहे, त्यांचे वर्णन करणारे धातुसाधित अपूर्णतावाचक आहे, ‘जे पवित्र केले जात आहेत ते’. झालेले आणि होत असलेले यांचा असा मेळ निष्काळजीपणातून आलेला नसावा. दान पूर्ण आहे, त्याचे जीवनात उतरणे चालू आहे, असा सिद्धान्तच त्या वाक्याच्या रचनेत बसविला आहे.

पौल आपल्या पत्रांच्या मायन्यात मंडळीतील सर्वांनाच ‘पवित्र जन’ म्हणतो, याचाही उलगडा येथे होतो. करिंथच्या ज्या मंडळीला तो हे नाव देतो, तिच्यातील तंटे, खटले आणि भोजनातील विषमता यांविषयी त्याच पत्रात तो कठोर शब्दांत लिहितो. म्हणजे पवित्र हे नाव त्यांना आचरण पाहून दिलेले प्रशस्तिपत्र नव्हे. नाव आधी मिळाले आहे. त्या नावाला साजेसे वागणे पुढे यावयाचे आहे.

५

दान आणि दैनंदिन साधना यांचा हा तोल ख्रिस्ती परंपरांनी निरनिराळ्या रीतींनी सांभाळला. आरंभीच्या वनवासी साधकांच्या शिकवणीचा सारांश पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात योहान कासियान याने लिहून ठेवला. अंतःकरणाची शुद्धता हे साधकाचे निकटचे लक्ष्य, असे तो मानतो; परंतु ही शुद्धता आणि प्रीती यांत तो अंतर ठेवीत नाही. उपवास, जागरण, वाचन ही साधने आहेत. ज्या साधनाने प्रीती घटते ते साधन फसले. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट याच्या नियमावलीत एक साधी सूचना आहे : मठाच्या कोठाराचा व्यवस्थापक ज्याच्याकडे आहे, त्याने मठाची सर्व भांडीकुंडी व अवजारे वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे समजावीत. कुदळ आणि कढई यांना वेदीच्या पात्रांच्या पंक्तीला बसविणे, हा ‘कादोश’ आणि ‘होल’ यांमधील भिंतीला पाडलेला दरवाजाच होय.

सोळाव्या शतकात मतभेद तीव्र झाले. १५१७ साली मार्टिन लूथरने मांडलेल्या पंचाण्णव प्रबंधांपैकी पहिल्याचा आशय असा की, ख्रिस्ती माणसाचे सबंध जीवन पश्चात्तापाचे असावे. १५२९ च्या आपल्या लघु प्रश्नोत्तरावलीत त्याने बाप्तिस्म्याचा अर्थ सांगताना जुना माणूस दररोज बुडवावा आणि नवा दररोज वर यावा, अशी कल्पना मांडली. विधी एकदाच, त्याचे फळ रोज. त्याच्या मते श्रद्धावान मनुष्य मरेपर्यंत एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५४७ साली याहून निराळी भूमिका घेतली : नीतिमान ठरविले जाणे म्हणजे केवळ पापांची क्षमा नव्हे, तर अंतर्यामी मनुष्याचे पवित्रीकरण व नवीकरणही होय, आणि ही कृपा वाढत जाऊ शकते. वाद गंभीर होता, आणि तो एका क्रियापदाच्या अर्थाभोवती फिरत होता : देव माणसाला नीतिमान ‘गणतो’ की नीतिमान ‘करतो’? तथापि रोजच्या साधनेवाचून भागत नाही, याविषयी दोन्ही पक्षांत दुमत नव्हते.

या काळात इग्नातियस लोयोला याच्या आध्यात्मिक साधनाग्रंथाला १५४८ साली पोपची मान्यता मिळाली. त्यातील आत्मपरीक्षणाची पद्धत आजही चालू आहे. तिचे पाच टप्पे आहेत : मिळालेल्या देणग्यांबद्दल उपकारस्मरण, आपले दोष दिसावेत म्हणून कृपेची याचना, दिवसाचा तासातासाने आढावा, क्षमायाचना, आणि सुधारण्याचा निश्चय. यातील क्रम महत्त्वाचा आहे. दोषांची मोजदाद तिसऱ्या पायरीवर येते. पहिली पायरी कृतज्ञतेची आहे. विटाळाच्या भीतीने सुरू होणारे परीक्षण आणि दानाच्या स्मरणाने सुरू होणारे परीक्षण यांत मनाची ठेवण वेगळी राहते. पहिल्यातून शंकेखोर, सतत हात धुणारे मन घडते. ख्रिस्ती साधनाशास्त्राने या मनोविकाराची दखल घेतली असून इग्नातियसने त्यावर स्वतंत्र सूचना लिहिल्या आहेत.

अठराव्या शतकात जॉन वेस्ली याने पावित्र्याचा अर्थ देवावरील व शेजाऱ्यावरील परिपूर्ण प्रीती असा केला. याच जन्मी ती परिपूर्णता लाभू शकते, हे त्याचे मत अनेकांना अमान्य झाले. पण १७४२ साली ब्रिस्टल येथे सुरू झालेली त्याची लहान वर्गांची योजना टिकली. सुमारे बारा जणांनी आठवड्यातून एकदा एकत्र यावे, परस्परांच्या जीवनाची विचारपूस करावी, आणि प्रत्येकी एक पेनी जमा करावी. पावित्र्याला अशा रीतीने सोबत्यांची गरज आहे, हे त्याने व्यवहारात उतरविले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली चर्चविषयक घोषणापत्रात एक संपूर्ण प्रकरण पावित्र्याच्या सार्वत्रिक पाचारणाला दिले आणि ते केवळ धर्मगुरूंचे व मठवासीयांचे क्षेत्र नाही, असे स्पष्ट केले. २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी आपल्या प्रबोधनपत्रात शेजारच्या घरात राहणाऱ्या संतांची कल्पना मांडली, ती याच विचाराची पुढची पायरी होय.

६

आता मराठीकडे वळू. ‘पवित्र’ हा शब्द ‘पू’ या धातूपासून झाला. या धातूचा अर्थ शुद्ध करणे, गाळून स्वच्छ करणे. त्याला लागलेला ‘इत्र’ हा प्रत्यय प्रायः साधन दाखवितो. खणण्याचे साधन ते ‘खनित्र’, तसे शुद्ध करण्याचे साधन ते ‘पवित्र’. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलात सोमरस ज्या लोकरीच्या गाळणीतून गाळला जातो, तिला ‘पवित्र’ म्हटले आहे. धर्मकृत्यात अनामिकेत घालावयाच्या दर्भाच्या वळ्यालाही हेच नाव आहे. ‘शुद्ध’ हे ‘शुध्’ धातूचे भूतकालवाचक धातुसाधित. म्हणजे हिब्रूत ज्या दोन शब्दांची मुळे अगदी भिन्न, त्यांचे मराठी प्रतिशब्द व्युत्पत्तीने एकाच शुद्धीच्या क्षेत्रातून आलेले आहेत. देवाच्या मालकीचा निर्देश करणारा अंश ‘पवित्र’ या शब्दात मुळात नाही. भाषांतराने तो त्यात घातला आहे, आणि तो टिकवावयाचा तर वापरानेच टिकवावा लागतो.

यात भर पडली ती ‘सोवळे-ओवळे’ या जोडीची. मराठी घरांत शुद्धाशुद्धतेची रोजची भाषा हीच होती. सोवळ्यात असलेल्या व्यक्तीला स्पर्श चालत नाही. सोवळे मोडते ते दुसऱ्याच्या स्पर्शाने. आणि मोडले की पुन्हा स्नान. या व्यवस्थेत शुद्धी ही नेहमी धोक्यात असलेली ठेव आहे, आणि धोका येतो तो माणसाकडून. चित्तशुद्धी आणि बाह्य सोवळे यांतील भेद मराठी संतवाङ्मयाने वारंवार दाखविला असल्यामुळे मराठी वाचक या विषयात कोरा नाही. नारायण वामन टिळक आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत, त्याला हीही एक पार्श्वभूमी आहे.

मराठी भाषेत या विचाराला अनुकूल अशाही काही सोयी आहेत. ‘पवित्रीकरण’, ‘शुद्धीकरण’ या रूपांतील दीर्घ ‘ई’ हा संस्कृत व्याकरणातील ‘च्वि’ प्रत्ययाचा अवशेष आहे. जे पूर्वी तसे नव्हते ते तसे होणे, हा त्या प्रत्ययाचा अर्थ वैयाकरणांनी सांगितला आहे. म्हणून ‘पवित्रीकरण’ या शब्दातच, जे आधी पवित्र नव्हते त्याला तसे करणे, हा आशय आहे. आपल्या मूळच्या शुद्धतेची राखण करणे हा नव्हे. कृपेच्या ख्रिस्ती सिद्धान्ताला याहून नेमका व्याकरणिक आधार क्वचितच मिळेल. ‘शुद्ध’ या शब्दाचा मराठीतील दुसरा अर्थही असाच उपयोगी आहे. ‘शुद्धीवर येणे’ म्हणजे भान परत येणे. लूकाच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राला दूरदेशी डुकरे राखताना जेव्हा जाग येते, तेव्हा ग्रीक वाक्प्रयोग ‘तो स्वतःपाशी आला’ असा आहे. मराठीत ‘तो शुद्धीवर आला’ असेच आपण म्हणू. शुद्धी ही येथे धुण्याची नसून ओळख परतण्याची क्रिया ठरते, आणि ती घरी परतण्याआधी घडते. अंगावरची वस्त्रे बदलली जातात ती नंतर, बापाने मिठी मारल्यावर.

७

या शब्दांचा मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील इतिहास मोठा आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला. सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द घेण्यास त्याने संकोच केला नाही. उलट चर्चच्या अनेक पारिभाषिक कल्पनांसाठी पोर्तुगीज-लॅटिन शब्द तसेच ठेवले. गोव्यातील कोंकणी प्रार्थनांत दीर्घकाळ ‘इस्पिरित सांत’ असे म्हटले जाई. पुढे त्या जागी ‘पवित्र आत्मो’ आला. उसना शब्द सहचारी अर्थांवाचून येतो, म्हणून तो सुरक्षित पण मुका असतो. भाषांतरित शब्द बोलका असतो, पण तो आपले जुने नातलग बरोबर घेऊन येतो. मराठीत ‘बाप्तिस्मा’ आणि ‘स्नानसंस्कार’ हे दोन शब्द आज शेजारी नांदतात, ते याच दोन धोरणांचे प्रतिनिधी होत.

जुने नातलग किती बलवान असतात, याचे सर्वोत्तम मराठी साक्ष्य लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. आरंभीच वडिलांच्या अतिरेकी सोवळ्याचे चित्र येते. बाहेरून आणलेले जिन्नससुद्धा धुऊन घेण्यापर्यंत त्यांची मजल गेली होती. १८९५ साली पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. मधल्या वर्षांत पतीजवळ राहावयास आल्यावरही त्यांनी आपले खाणेपिणे वेगळे ठेवले होते, आणि स्पर्शास्पर्शाचा हा विचार त्यांच्या मनातून क्रमाने सुटत गेला. वर सांगितलेली पेत्राची कथा आणि ही कथा यांची ठेवण सारखी आहे. दोहोंतही अन्नपाण्याचा प्रश्न माणसाच्या प्रश्नापाशी येऊन सुटतो.

सर्वत्र तो असा सुटला नाही, हेही सांगावयास हवे. गोव्यातील काही चर्चच्या कोंफ्रारियांत, म्हणजे धार्मिक बंधुमंडळांत, जातवार सदस्यत्वाची प्रथा दीर्घकाळ चालू राहिली. प्रार्थनेतील शब्द बदलले, पण पावित्र्य म्हणजे अंतर राखणे हा त्यांचा जुना अर्थ बसण्याच्या व मिरवणुकीतल्या मानाच्या जागी तसाच राहिला. शब्दाचा अर्थ शब्दकोशात बदलून भागत नाही. तो पंगतीत बदलावा लागतो.

८

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, ख्रिस्ती मराठी ग्रंथांतील ‘पवित्र’ हा शब्द वाचताना तो कोणत्या अक्षावरील आहे हे प्रथम पाहावे. ‘पवित्र जन’, ‘पवित्र शास्त्र’ येथे तो संबंधवाचक आहे, म्हणजे देवाचे असा. ‘पवित्र अंतःकरण’ अशा प्रयोगात तो बहुधा ‘शुद्ध’ या अर्थाकडे झुकतो. दुसरा असा की, नामापेक्षा क्रियापदाने अर्थ अधिक उलगडतो. ‘पवित्र मानणे’, ‘पवित्र करणे’, ‘पवित्र होणे’, ‘पवित्र राहणे’ या चार प्रयोगांतील कर्ता निराळा, काळ निराळा आणि अपेक्षाही निराळी. केवळ ‘पवित्र राहणे’ हा एकच प्रयोग उपदेशात उरला, तर साधना राखणीची होते आणि शेजारी धोका वाटू लागतो. ‘पवित्र केले जाणे’ हा प्रयोग त्याच्या जोडीला ठेवला, तर राखण्यासारखे आपले काही नव्हते, जे आहे ते मिळालेले आहे, याची आठवण राहते.

व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हा आपल्या शास्त्राचा पहिला पाठ आहे. सोमाच्या गाळणीवरून ख्रिस्ती सिद्धान्त सिद्ध करण्याचा हेतू येथे नाही. तथापि ‘पवित्र’ या शब्दाचे जुने साधनवाचक रूप अभ्यासकाने विसरू नये. गाळणी स्वतः निर्मळ राहावी म्हणून कोणी ती खुंटीला टांगून ठेवीत नाही. तिच्यातून काही गाळले जावे म्हणून ती असते, आणि वापरानंतर ती रोज धुवावी लागते. मजुराला त्याची मजुरी संध्याकाळीच द्यावी, हा पावित्र्याचा नियम लेवीयाने घातला. योहानाने पाय धुण्याची कथा सांगितली, आणि त्या कथेच्या शेवटी शिष्यांनी एकमेकांचे पाय धुवावेत असे सांगितले आहे. तेथे धुण्याचे कर्म प्रत्येकाने दुसऱ्यासाठी करावयाचे आहे. स्वतःचे सोवळे स्वतः राखण्याच्या व्यवस्थेपासून ख्रिस्ती दैनंदिन पावित्र्य वेगळे होते, ते या जागी.